गच्चीवरची बाग: काय पैसे वसूल आणि काय नुसतं मिरवायला

ओळखीतलं कोणी नवीन फ्लॅट घेतलं आणि त्याला टेरेस असली की पहिला फोन मला येतो, की झाडं कुठली घेऊ आणि ते ऑनलाइन दिसतं ते घेऊ का. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. हा कुठल्या एका दुकानाचा रिव्ह्यू नाहीये, गच्चीत आलेल्या झाडांचा आणि सामानाचा आहे, आणि तोही माझ्या गच्चीतला. आमची गच्ची पुण्यात, वरच्या मजल्यावर, पश्चिमेला उघडी. सकाळी बरी असते, पण दुपारी बारा वाजले की सूर्य जो येऊन बसतो तो सहापर्यंत हलत नाही. पूर्वेची गॅलरी असेल तर माझे अर्धे मार्क तुम्ही बदलून घ्या.

मार्क द्यायची माझी पद्धत एकच, मे महिना. नर्सरीत सगळंच छान दिसतं हो, तिथे वर हिरवी जाळी असते, दिवसातून दोनदा फवारा असतो, खत तयार असतं, ते झाड विकायला उभं केलेलं असतं. खरं काय ते एप्रिलच्या शेवटी कळतं, आणि त्यात जे तगतं त्यातलं निम्मं जुलैच्या झडीत मुळं कुजून जातं. दोन्हीतून जे निघालं ते झाड पैसे वसूल.

पहिला नंबर सोनचाफा, आणि यात वाद घालायला येऊ नका. कलमीच घ्यायचा, सिंधुदुर्गातला वेलणकर जातीचा आता इथेही सहज मिळतो. बीचं रोप स्वस्त पडतं, पण फूल बघायला कित्येक वर्षं थांबावं लागतं आणि तोवर ते झाड गच्चीच्या बाहेर जायला निघालेलं असतं. कलम मात्र लहानपणीच फुलायला लागतं, माझं तर पिशवीत गुडघ्याएवढं होतं तेव्हाच त्याला कळ्या होत्या. चांगलं कलम दोनशे ते तीनशेला मिळतं, आणि दारात सोनचाफ्याची चार फुलं पाण्याच्या बाटलीत घालून विकतात तो भाव बघितलात तर एका सीझनमध्ये पैसे सुटतात. फक्त घेताना वाकून बघा. बुंध्याशी, मातीपासून वीत-दीड वीत वर, सांधा दिसला पाहिजे, तिथे साल थोडी फुगलेली असते, तिरकी रेघ असते, कधी प्लॅस्टिकची पट्टी अजून गुंडाळलेली असते. मला एका नर्सरीत (नाव लिहीत नाही) कलम म्हणून सरळसोट बीचं रोप दिलेलं, विचारलं तर म्हणे सांधा मातीत गेलाय. सांधा मातीत गेलेलं कलमसुद्धा घ्यायचं नसतं, कारण मग खालच्या खुंटाला (ज्यावर कलम बांधलेलं असतं त्या मूळ रोपाला) फूट येते आणि तीच माजते. सांध्याखालून येणारी फूट दिसली रे दिसली की खुडायची, तिच्यावर दया दाखवायची नाही. बाकी सोनचाफ्याचं मागणं कमी आहे, मोठी पिशवी, पाणी न साठणारी माती, आणि शेंडा वेळच्या वेळी मारणं म्हणजे तो उंच जायच्या ऐवजी फुटतो. पाच पैकी पाच. सासूबाई तर म्हणतात सहा दे.

मोगरा पाच पैकी चार, कारण त्याची मेहनत आहे आणि ती न करणारे लोक मग मला विचारतात की आमच्याकडे नुसती पानंच का येतात. जानेवारीत त्याचं पाणी तोडायचं, छाटणी करायची, उरलीसुरली पानं काढून टाकायची, माती जरा उकरून शेणखत भरायचं आणि मग पाणी चालू. बघायला फार वाईट दिसतं, आमच्या कामवाल्या ताई म्हणाल्या झाड मारलंत की. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये नवीन फुटव्यांच्या टोकाला कळ्या बसतात आणि मग ऐन उन्हाळ्यात, जेव्हा बाकी सगळे माना टाकतात, तेव्हा हा पठ्ठ्या रोज ओंजळभर फुलं देतो. बटमोगरा आणि मदनबाण दोन्ही आहेत. गजरा करणारांनी मदनबाण घ्यावा, कळी लांब असते आणि ओवायला सोपी जाते. पाण्याच्या माठात टाकायला मात्र साधा मोगराच.

जास्वंदीबद्दल जरा कडू बोलणार आहे. लाल, पाच पाकळ्यांची, गणपतीला वाहतो ती गावठी जास्वंद घ्या आणि सुखी राहा. त्या हायब्रीड जास्वंदी, ताटलीएवढं फूल, तीन-तीन रंग, मधे डोळा, त्या घेतल्यावर पहिले दोन महिने फोटो काढून होतात आणि मग पिठ्या ढेकूण येतो. गावठीला पण येतो, नाही असं नाही, पण ती त्यातून निघते, हायब्रीडला एकदा शेंड्यात पांढरा कापूस धरला की कळी न उमलताच गळायला लागते. आधी मुंग्यांकडे लक्ष ठेवा, खोडावरून मुंग्यांची ये-जा वाढली की समजायचं वरती चिकट गोड काहीतरी चाललंय. पाइपच्या जोरदार पाण्यानं पहिल्यांदा धुवून काढायचं, मग संध्याकाळी लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि त्यात थोडा लिक्विड साबण, नाहीतर तेल पाण्यावरच तरंगत राहतं. फारच माजला तर शेती सेवा केंद्रात व्हर्टिसिलियम मिळतं, ती बुरशी असते, तिला दमट हवा लागते म्हणून पावसाळ्यात छान काम करते, मे महिन्यात मारून उपयोग नाही. हायब्रीडला दोन मार्क, गावठीला साडेचार.

आता एक झाड असं की ज्याचा पुण्यातल्या लोकांनी विचारच केलेला नसतो आणि ते म्हणजे अंजीर. अहो पुरंदर इथे शेजारी आहे, त्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि आपण गच्चीत ड्रॅगन फ्रूट लावत बसतो! अंजीर नुसत्या फांदीच्या तुकड्यावर येतं, मुळं उथळ, कोरडी हवा आवडते, ऊन हवं असतं, म्हणजे आपली गच्ची त्याच्यासाठीच बांधलीय. २४ इंची पिशवीत माझं झाड आहे, माझ्या खांद्याला लागतं, आणि मीठा बहार म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाला येणारा, त्याची फळं झाडावर पूर्ण पिकू दिलेली खाल्लीत तर बाजारातली परत घेणार नाही. पिकल्याची खूण म्हणजे फळ देठाशी वाकतं आणि सालीला बारीक चिरा पडतात, त्या आधी तोडलंत तर पांढरा चीक येतो आणि जीभ चुरचुरते. तोटे दोन. पावसाळ्यात पानांवर तांबेरा येतो, खालच्या बाजूला विटकरी पूड दिसते, पानं गळतात आणि झाड अगदी भिकारी दिसतं, ती गळलेली पानं गोळा करून फेकायची, कंपोस्टमध्ये नाही. आणि दुसरा तोटा बुलबुल. फळांना जुन्या नायलॉनच्या मोज्यांच्या पिशव्या घातल्या तर निम्मी आपल्याला मिळतात, निम्मी त्यांना, तो हिशोब मी मान्य केलाय. साडेचार.

लिंबू लावणार असाल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या साई सरबतीसारखी जात मागा, नुसतं कागदी लिंबू म्हणून कुठलंही रोप उचलू नका. आणि लिंबू नाहीतर कढीपत्ता लावलात की पाहुणे येणारच. पानावर चिमणीनं घाण केल्यासारखं काहीतरी दिसतं, नीट बघा, ती अळी असते. मोठी झाली की हिरवीगार होते आणि काडीनं जरा टोचलं तर डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर काढते आणि असा काही वास सोडते की हात धुवावा लागतो. कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, २०१५ साली जाहीर झालं ते, त्याची अळीसुद्धा लिंबाच्याच जातीवर वाढते, फक्त मला गच्चीत अजून दिसली नाही. माझा लेक लहान असताना त्या अळीला नाव ठेवायचा, त्यामुळे फवारणी बंदच झाली. तर कढीपत्ता एक नाही, दोन लावा, एक आपल्याला आणि एक त्यांना. उंच वाढू द्यायचा नाही, शेंडे खुडत राहायचं, फुलोरा आला की कापायचा, मग पानं भरपूर. पाच पैकी पाच आणि तेही पन्नास रुपयांच्या रोपाला.

गोकर्णाबद्दल फार लिहायची गरज नाही, रात्रभर बी भिजवून टाका आणि विसरून जा, पावसाळाभर निळी फुलं. शेंगवर्गातली असल्यानं मुळाच्या गाठीत नत्र साठवते, म्हणून सीझन संपला की मी ती उपटत नाही, मातीलगत कापते आणि मुळं तिथेच कुजू देते. तिचा निळा चहा लिंबू पिळलं की जांभळा होतो, पाहुण्यांसमोर करायला बरा, चवीला मात्र विशेष काही नाही, खरं सांगते.

अळू! काळ्या देठाचं वडीचं अळू. याच्यासाठी वेगळी पिशवीसुद्धा घेऊ नका, वॉशिंग मशीन नाही पण भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी जिथे जातं तिथे टब ठेवून द्या. श्रावणात वड्या, फदफदं, सगळं घरचं. उन्हाळ्यात पानं करपतात, पण कंद जिवंत असतो, पहिल्या पावसाला परत येतो. तोंडलीचा वेल पण असाच, काडी खोचली की झालं, फक्त मांडव लागतो. काकडी, कारलं, दोडका लावणार असाल तर फळमाशीचा सापळा आधी आणा, नाहीतर फळ बोटाएवढं झालं की वाकडं होऊन पिवळं पडतं आणि कापलं तर आत अळ्या. आणि इथे लोक फसतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा प्रसिद्ध आहे तो आंब्याच्या माशीसाठीचा, त्यातली माशीला ओढणारी गोळी मिथाइल युजेनॉलची असते. वेलभाज्यांवरची माशी वेगळी, तिला क्यू ल्यूर लागतं. दुकानदाराला सापळा द्या म्हटलं तर तो हातात येईल तो देतो, तुम्ही गोळीचं नाव घेऊन मागा. शंभर-दीडशेच्या आत येतो आणि पूर्ण गच्चीला एक पुरतो. पाच पैकी पाच, गच्चीतली सगळ्यात कमी देखणी वस्तू असूनही.

ज्यांना मार्क कमी: डच गुलाब. गुलाबप्रेमी मारतील, पण पश्चिमेच्या गच्चीत तो दुःखी असतो. डोळा भरलेल्या, म्हणजे कलम बांधलेल्या, जागेच्या खालून रानटी फूट येते, पानं बारीक आणि जास्त, काटे वेगळे, लोक वाढ चांगली झाली म्हणून खुश होतात आणि वरचा खरा गुलाब उपाशी मरतो. गुलाबाचा हट्टच असेल तर गावठी, वासाचा, गुलकंदाचा लावा. पिटुनियाच्या टांगलेल्या कुंड्या डिसेंबर ते फेब्रुवारी, नंतर टाटा, पण तेवढ्यासाठी मी घेते, तो सणासारखा खर्च धरायचा. ऑर्किड कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत ठेवा, पुण्याच्या एप्रिलमध्ये त्याला ठेवणं म्हणजे त्याचा छळ आहे. आणि ज्याला आपण सगळे ब्रह्मकमळ म्हणतो ते तर निवडुंगाच्या कुळातलं, मेक्सिकोकडचं, हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळंच. पण फुलतं तेव्हा रात्री साडेदहाला अख्खी बिल्डिंग वर येते, म्हणून चार. सावलीत ठेवा आणि पाणी बेतानं.

आता सामान, कारण पैसे झाडांत जात नाहीत, सामानात जातात.

ग्रो बॅग. पातळ काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या दहा-दहाच्या पॅकमध्ये स्वस्त मिळतात त्या घेऊ नका, दुसऱ्या उन्हाळ्यात हातात नुसती पापडी येते आणि माती सगळी फरशीवर. २२० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाची) एचडीपीई प्लॅस्टिकची, यूव्ही ट्रीटमेंट केलेली, शिवण दुहेरी आणि दोन्ही बाजूंना पट्टे, ही बघून घ्या. माझ्या पहिल्या पिशव्या रंग उडालेल्या आहेत पण अजून फाटलेल्या नाहीत. १२ इंची भाजीला, १८ इंची फुलझाडांना, २४ इंची फळझाडांना. पण एक हिशोब करूनच पिशव्या मागवा. १८ बाय १८ इंची पिशवीत साधारण ७० लिटर माल बसतो, त्यात नुसती माती भरून पाणी घातलंत तर एका पिशवीचं वजन शंभर किलोच्या वर. जिथे माणसं वावरतात अशा सपाट गच्चीला आपल्याकडे डिझाइन करताना चौरस मीटरला साधारण १५० किलोचा लाइव्ह लोड, म्हणजे माणसं-सामान असं वरून येणारं वजन, धरतात. आता तुम्हीच बघा मधोमध आठ-दहा अशा पिशव्या एकत्र ठेवल्या तर काय होईल. म्हणून जड पिशव्या बीमवर किंवा भिंतीच्या कडेनं, आणि मिश्रण हलकं. मी एक भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग कंपोस्ट घेते, वजन जवळजवळ निम्म्यावर येतं. आणि पिशवी थेट फरशीवर नाही, लोखंडी स्टँडवर, म्हणजे खालून हवा जाते, झाडू फिरतो आणि खालच्या काकूंच्या छताला ओल आली की पहिलं बोट आपल्याकडे होत नाही.

कोकोपीटला तीन मार्क. पाच किलोची वीट फुगून साठ-सत्तर लिटर होते, वजनाला हलकी, वर आणायला सोपी, हे सगळं खरं. पण खतमूल्य त्यात जवळजवळ शून्य, आणि स्वस्तातल्या विटेत मीठ राहिलेलं असतं. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेली वीट भिजवली तर पाणी चहासारखं आणि त्यात पेरलेली मेथी उगवून कडेनं जळाली. आता कुठलीही असो, भिजवायची, पिळायची, ते पाणी ओतायचं, असं दोन-तीनदा केल्याशिवाय मी वापरत नाही. लोक नुसत्या कोकोपीटमध्ये झाड लावतात आणि विचारतात वाढत का नाही.

त्यापेक्षा उत्तम आणि फुकट वस्तू सांगू? रसवंतीची चिपाडं. उसाचा रस काढून उरतो तो चोथा, उन्हाळ्यात प्रत्येक कोपऱ्यावर ढीग असतो, रसवंतीवाले दादा उलट म्हणतात न्या बाई. दोन-चार दिवस कडक उन्हात पसरायचा, नाहीतर गोडाला मुंग्या येतात, आणि मग पिशवीत वरून चार बोटं जाडीचा थर द्यायचा. मे महिन्यात दुपारी थराखाली हात घालून बघा, वरती माती चटका देते आणि खाली गार, ओली. पाणी जवळजवळ अर्ध्यानं वाचतं असा माझा अंदाज. पावसाळ्यापर्यंत खालचा भाग काळा होऊन मातीत मिसळतो, परत वरून टाकायचा. त्यावर शिंपडायला अमृतजल, प्रयोग परिवार या शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या गटात, श्री. अ. दाभोळकरांच्या मंडळींत, चालतं तेच, दहा लिटर पाणी, एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ, तीन दिवस ढवळत ठेवायचं आणि दहापट पाणी घालून वापरायचं. वासाची तयारी ठेवा. शेजाऱ्यांची पण.

ठिबक. माझं मत असं की गच्चीत पहिला मोठा खर्च ठिबकवर करावा, झाडांवर नाही, कारण बागा मरतात त्या मे महिन्याच्या सुट्टीत गावाला गेल्यावर. आपल्याकडे ठिबकचं सामान मिळायला काही अडचण नाही, जळगावनं सगळ्या देशाला ठिबक शिकवलंय, शेतीच्या दुकानात १६ एमएमची नळी, बारीक मायक्रोट्यूब आणि ड्रिपर सुटे मिळतात आणि ते ऑनलाइनच्या रंगीत किटपेक्षा दणकट असतात. पण गच्चीची गोम वेगळी आहे, प्रेशर. टाकी आपल्या डोक्यावर दोन-तीन मीटर, म्हणजे प्रेशर कसंबसं पाव बार. शेतात चालतात ते प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (दाब कमीजास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणारे) ड्रिपर इथे नीट टपकतच नाहीत, साधे फिरवायचे ड्रिपर घ्या. आणि टायमर! सगळे टायमर बाहेरून सारखे दिसतात. आत सोलेनॉइड (विजेच्या चुंबकानं उघडणारा) व्हॉल्व्ह असेल तर त्याला साधारण अर्धा बार तरी प्रेशर लागतं, आपल्या टाकीवर तो टक् करतो, उघडल्यासारखा आवाज येतो आणि पाणी येत नाही. बॉल व्हॉल्व्हचा टायमर घ्या, तो मोटरनं फिरून उघडतो, अगदी शून्य प्रेशरलाही चालतो. तो चालू होताना बारीक गुर्रर्र असा दोन-तीन सेकंद आवाज येतो, तो ऐकला की समजायचं बरोबर वस्तू आणलीय. बोअरचं पाणी असेल तर सुरुवातीला जाळीचा फिल्टर लावाच, तरी क्षार बसतात, ड्रिपर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकले की मोकळे होतात. मी उन्हाळ्यात सकाळी वीस मिनिटं आणि संध्याकाळी दहा लावते, पावसाळ्यात बंद. सेल मात्र गावाला जायच्या आधी नवे घाला, जुने सेल नेमके तिसऱ्या दिवशी बसतात. साडेचार, अर्धा मार्क सेलचा.

कृत्रिम गवत, शून्य. मे महिन्यात दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून दाखवा. पावसाळ्यात खाली पाणी धरतं, वास मारतं, आणि गच्चीचा उतार बिघडतो तो वेगळाच. भिंतीवरचं व्हर्टिकल गार्डन, छोट्या छोट्या प्लॅस्टिकच्या खिशांचं, एक मार्क. मूठभर मातीत पश्चिमेच्या भिंतीवर कोण जगणार? ऑफिसच्या एसी लॉबीत ठीक आहे, तिथे माणूस ठेवलेला असतो. कारंजं पण तसंच, आठ दिवस कौतुक, मग क्षारांनी पंप बसतो आणि उरतं ते डासांचं घर.

पाणी हवंच असेल तर कमळाचा टब करा. हा माझा गच्चीतला सगळ्यात लाडका कोपरा. शंभर लिटरचा भोक नसलेला टब, तळाला वीतभर जड काळी चिकणमाती, इथे कोकोपीट अजिबात नाही कारण ते सगळं वर तरंगून येतं, आणि त्यात कमळाचा कंद आडवा ठेवायचा, कोंब वर, कोंब मोडला तर संपलं. कंद फेब्रुवारी-मार्चमध्ये लावायचा. कमळ हे एकच झाड असं आहे की ज्याला माझ्या गच्चीतलं ऊन कमी पडतं, इतकं त्याला आवडतं. पहिली पानं पाण्यावर पडून असतात, मग एक दिवस देठावर उभं पान येतं आणि त्यानंतर कळीची वाट बघायला हरकत नाही. डासांसाठी गप्पी मासे, महापालिकेच्या हिवताप विभागात विचारलं तर बऱ्याचदा फुकट मिळतात, पाच-सहा सोडले की दोन महिन्यांत वाटायला होतात. टबच्या कडेला दगड ठेवलाय, त्यावर येऊन चिमण्या, बुलबुल, साळुंक्या पाणी पितात. जागा असेल तर हे करा, बाकी काही केलं नाहीत तरी चालेल.

सावलीसाठी हिरवी जाळी ५० टक्केवाली बरी, ७५ची घेतलीत तर फुलं येणं बंद. पण जाळीपेक्षा मला मधुमालतीचा मांडव आवडतो. लोखंडी पाइपचा साधा सांगाडा वेल्डरकडून करून घेतला आणि एका कोपऱ्यातून वेल चढवला. संध्याकाळी फूल पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल, एकाच झुबक्यात तिन्ही रंग. भिंत तापायची थांबली, आतली खोली दुपारी जाणवण्याइतकी गार झाली. शिंजीर पक्षी येतो, तो जांभळा चमकणारा, एका जागी क्षणभर थांबत नाही. त्याच मांडवाखाली झोपाळा टांगलाय आणि खरं सांगायचं तर घरातले बाकीचे लोक बागेत येतात ते झोपाळ्यासाठी, झाडांसाठी नाही. सांगाड्याला पाया मात्र फरशीत ड्रिल करून नको, वॉटरप्रूफिंगचं वाटोळं होतं, पाय सिमेंट भरलेल्या डब्यांत उभे करा किंवा पॅरापेटला क्लॅम्प करा.

अवजारांत रंगीत मुठीचा पाच तुकड्यांचा सेट नको, त्यातलं खुरपं दुसऱ्या दिवशी वाकतं. रविवार पेठेत बोहरी आळीत किंवा आठवडी बाजारात लोहाराकडचं ठोकलेलं खुरपं घ्या. कटर मात्र जरा पैसे टाकून घ्या, बोथट कटरनं फांदी चेचली जाते आणि तिथूनच रोग शिरतो.

राहता राहिली खरेदी. सोलापूर रोडला मांजरी, लोणी काळभोर ते उरुळी कांचन अशा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, गावातल्यापेक्षा भाव बराच कमी पडतो, पण एका ठिकाणी थांबू नका, दोन-तीन फिरून मग घ्या, आणि घासाघीस होते. जानेवारीच्या शेवटी एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं, जरूर जा, झाडं बघा, नावं लिहून घ्या, फोटो काढा, पण कायमची झाडं तिथून आणायची घाई करू नका. जानेवारीत आणलेल्या झाडाला मुळं धरायला दोन महिने मिळतात की उन्हाळा डोक्यावर. सीझनल फुलं घ्या हवी तर. कायमचं झाड जूनच्या शेवटी, दोन-चार चांगले पाऊस पडून गेल्यावर. सकाळी लवकर जा, कारण अकरानंतर तिथली माणसं ट्रकच्या लोडिंगला लागतात आणि तुमच्या एका सोनचाफ्याला कोणी विचारत नाही. पिशवीच्या खालून बाहेर आलेली मुळं बघा, थोडी असतील तर चालेल, गोल गुंडाळून जाळं झालं असेल तर ते झाड तिथे फार दिवस पडून आहे. फुलांनी लगडलेलं सोडा, कळ्या आणि नवीन फूट असलेलं उचला. पानांची मागची बाजू उलटून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, नर्सरीवाले तोंड वाकडं करतात, करू देत. घरी आणल्यावर आठ दिवस बाकीच्या झाडांपासून लांब, सावलीत, त्याच पिशवीत ठेवायचं आणि मग बदलायचं. गाडीत उंच झाड आडवं घालताना बुंधा ड्रायव्हरच्या मागे आणि शेंडा डिकीकडे, काचा बंद, नाहीतर हडपसरच्या सिग्नलपर्यंत निम्मी पानं गेलेली असतात.